पेशीतलं आजोळ

मंडळी, आज जरा शाळेतला विषय काढणार आहे. घाबरू नका, शेवटी प्रश्न विचारणार नाही (एकच विचारणार आहे, पण तो वेगळा).

नातवाच्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'पेशी व पेशीअंगके' असा धडा आहे. आमच्या वेळी पुस्तकं वेगळी होती, मजकूर थोडाफार तोच. मी बी.ए., तीही मराठी माध्यमातून. नेमणूक मराठी आणि इतिहासासाठी. पण खेड्यातल्या शाळेत विज्ञानाचे सर बदलून गेले की नवे येईपर्यंत त्यांचे तास कुणाच्या तरी गळ्यात पडतात, आणि ते बऱ्याचदा माझ्या गळ्यात पडले. त्यामुळे हा धडा मी किती वेळा शिकवला असेल याचा हिशोब नाही. कांद्याचा पापुद्रा सोलायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा, आणि शाळेत असलेल्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकापुढे पन्नास पोरांची रांग लावायची. विटांच्या भिंतीसारखी ती पेशींची ओळ दिसली की प्रत्येक पोर डोळा न काढता दोन मिनिटं तिथेच उभं. मागचे ओरडताहेत, पुढचा हलत नाही. त्या दोन मिनिटांइतकं शिकवणं मला इतिहासात कधी जमलं नाही.

पण पुढे धड्याचं होतं काय, की नावांची यादी सुरू होते. केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, रिक्तिका, तंतुकणिका, लवके. समोर एकेक ओळीचं कार्य. लयकारिका म्हणजे सफाई कामगार, तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र. जोड्या लावा, गुण मिळवा. मी तर वर्गात 'तंतुकणिका म्हणजे पेशीतलं परळी' असं सांगायची. परळीचं वीज केंद्र आमच्या भागातल्या पोरांना ठाऊक, लगेच डोक्यात बसायचं.

इथे एक अवांतर. मराठी परिभाषा बोजड असते अशी ओरड नेहमी ऐकते. आता हा शब्द पाहा. १८९८ साली कार्ल बेंडा नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून 'मायटोकॉन्ड्रिया' हे नाव केलं. एकाचा अर्थ धागा, दुसऱ्याचा कण. आपल्या लोकांनी सरळ तंतू आणि कणिका जोडून टाकले. इंग्रजी शाळेतलं लेकरू मायटोकॉन्ड्रियाचं स्पेलिंग घोकत बसतं, आणि मराठी शाळेतल्या लेकराला नावातच चित्र मिळतं. एका पोरीने मात्र पेपरात 'तंतुकणीक' लिहिलं होतं. मी गुण कापला नाही. कणीक मळल्याशिवाय शक्ती कुठून येणार, तिचंही बरोबरच होतं!

असो. सांगायचं वेगळंच आहे. या यादीत जी गोष्ट सांगायची राहून जाते, तीच मला सगळ्यात मोठी वाटते.

तंतुकणिकेला दोन पटलं असतात. बाहेरचं गुळगुळीत, आतलं घड्याघड्यांचं. नऊवारी नेसताना निऱ्या घालतो ना, तसं. थोड्या जागेत पुष्कळ कापड मावावं म्हणून. त्या निऱ्यांवरच सगळं काम चालतं. आपण खाल्लेल्या भाकरीची साखर होते, ती पेशीत थोडी मोडते, उरलेलं मोडकाम श्वासातून आलेल्या ऑक्सिजनच्या मदतीने इथे होतं आणि त्यातून एटीपी नावाचा पदार्थ तयार होतो. पेशीच्या व्यवहारातलं हे चलनी नाणं. बोट हलवायचं तर हे खर्च करा, विचार करायचा तर हे खर्च करा. नाणी थोडीच, पण ती पुन्हा पुन्हा फिरतात. दिवसभराची उलाढाल मोजली तर ती जवळपास आपल्या वजनाइतकी भरते म्हणतात.

आता दोन पटलं का? एका पटलात भागलं नसतं का? याचं उत्तर असं, की तंतुकणिका मुळात आपली नव्हेच. दीडशे कोटी वर्षांहून आधी ती एक स्वतंत्र जीवाणू होती. दुसऱ्या एका पेशीने तिला पोटात घेतलं, पण पचवलं नाही, आणि दोघांचा संसार सुरू झाला. झाडांच्या पानातलं हरितलवकही असंच बाहेरून आलेलं. त्याचे नातेवाईक, निळे-हिरवे जीवाणू, आजही पाण्यात मोकळे राहतात.

ही कल्पना काही रशियन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती, पण तिला कुणी विचारलं नाही. पुढे १९६७ साली एका तरुण अमेरिकन बाईंनी ती पुराव्यांसह मांडली. त्यांचा लेख पंधराएक नियतकालिकांनी परत केला होता असं सांगतात. बाईंचं नाव लिन मार्ग्युलिस. पण तुम्ही तो मूळचा लेख शोधायला गेलात तर या नावाने सापडणार नाही. त्यावर नाव आहे लिन सेगन, कारण पहिले पती खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन. लेख छापून आला तेव्हा त्यांच्यापासून घटस्फोट झालेला होता, तरी नाव त्यांचं. मार्ग्युलिस हे दुसऱ्या पतीचं नाव. माहेरचं नाव अलेक्झांडर, ते तर कुठेच नाही. जीवसृष्टीच्या इतिहासातला एवढा मोठा शोध, आणि शोध लावणारीचं नाव दोनदा सासरच्या पाटीखाली! मला हे वाचून हसू आलं आणि थोडा वेळ हातातलं काम बाजूला ठेवून नुसती बसले.

बाहेरून आली म्हणूनच तंतुकणिकेजवळ तिची स्वतःची जनुकं आहेत. १९६३ मध्येच तिच्यात डीएनए असल्याचं दिसलं होतं. १९८१ मध्ये माणसाच्या तंतुकणिकेचा डीएनए पूर्ण वाचून झाला. त्यात १६,५६९ अक्षरं, आणि जनुकं फक्त ३७. बाकीची बहुतेक तिने केव्हाच केंद्रकाच्या स्वाधीन केली किंवा टाकून दिली. नवी सून सगळे दागिने सासूच्या कपाटात देते, पण माहेरून आणलेल्या ट्रंकेच्या तळाशी चार वस्तू स्वतःच्या राखून ठेवते. त्या या ३७.

आणि ही ट्रंक फक्त आईकडून मिळते.

अंडपेशीत तंतुकणिका लाखाच्या आसपास असतात. शुक्रपेशीत पन्नास-पाऊणशे, त्या शेपटी हलवण्यापुरत्या. फलन झालं की त्या बापाकडच्या तंतुकणिका अंडपेशी नष्ट करून टाकते. तेव्हा तुम्ही पुरुष असा की बाई, या क्षणी हे वाचताना डोळ्यात, मेंदूत, हृदयात जी शक्ती खर्च होते आहे, ती आईच्या आईच्या आईकडून आलेल्या यंत्रावर तयार होते आहे. वडिलांच्या आईचंही त्यात काही नाही.

फक्त तंतुकणिकाच कशाला? १८५५ मध्ये फिरकॉव्हने सांगितलं की पेशी पेशीतूनच जन्मते. ती शून्यातून होत नाही. तर मग आपली पहिली पेशी कुठली? ती आईची पेशी होती. पटल तिचं, पेशीद्रव्य तिचं, रायबोझोम तिचे. वडील आले ते अर्ध्या केंद्रकाचं सामान घेऊन. (खरं बोलायचं तर पेशी विभागताना लागणारं सेंट्रिओल नावाचं अंगक वडिलांकडून येतं. बापाला अगदी रिकाम्या हाताने आला म्हणू नये.) केंद्रकातला हिस्सा दोघांचा निम्मा-निम्मा. राहतं घर मात्र आईचं.

आपल्याकडे शिकवण उलटी. जुन्या धर्मशास्त्रात पुरुष हा बीज आणि स्त्री हे क्षेत्र. बी ज्याचं त्याचं पीक, शेताने फक्त वाढवायचं. ही उपमा ग्रंथांतून उतरून आपल्या ओसरीवर येऊन बसली आहे, आणि 'वंशाचा दिवा' वगैरे सगळं तिच्याच पोटातलं. मला नवल वाटतं ते याचं, की शेतकऱ्यांच्या गावात ही उपमा इतकी वर्षं टिकली कशी. आपण तिफणीतून जे सोडतो ते सोयाबीनचं बी काय नुसतं नराचं असतं? पराग आणि बीजांड एकत्र येऊन, मिलन होऊन, शेंगेत पोसून झालेलं ते बाळ आहे. त्यातली तंतुकणिका आणि लवकं आईझाडाकडून आलेली आहेत. बाई म्हणजे माती नव्हे. माती वेगळी.

माती काय करू शकते ते आम्हा येरमाळ्याच्या लोकांना सांगायला नको. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते. आमच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा मोठी. पालखी डोंगरावरून खाली आमराईत येते, आणि वाटेत रानात लाखो माणसं चुनखडीचे खडे वेचतात. म्हणजे आमच्या देवीच्या मुख्य सोहळ्यातच आमच्या मातीचा अहवाल आहे! चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण ते अशा रूपात अडकून बसतं की मुळांना घेता येत नाही. मग पावसाळ्यात सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हरितद्रव्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम असतं, लोह नसतं, पण ते तयार करण्याच्या कामात लोह लागतंच. लवक जागेवर आहे, रंग भरायला सामान नाही. शेजारचे लोक युरिया टाकत बसतात. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, आणि इथे वरची नवी होतात, एवढा साधा फरक आहे. पानावर फेरस सल्फेटची फवारणी घेतली तर पानं पुन्हा हिरवी होतात (प्रमाण तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या, आमच्या बांधावरच्या सल्ल्यावर जाऊ नका). हे झालं मातीचं काम. देणं किंवा अडवणं. लवक मुळात दिलं ते आईझाडाने. देणारी आणि वाढवणारी यांतला हा फरक ज्याला रानात दिसतो, त्याला घरात का दिसू नये?

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण नातेवाईक मंडळी 'काकू कुठे चालल्यात' म्हणून जांभया देत असतील.

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि आपल्या मराठवाड्यात जुन्या नोंदी शोधायची, वंशावळी काढायची लाट आली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी शिरत नाही. पण त्या निमित्ताने घरोघरी कागद पसरले. आपल्या घरातही थोरल्या पुतण्याने मोठ्या कष्टाने सात पिढ्यांचा तक्ता केला आणि सगळ्यांना पाठवला. पाहिलात ना? सुंदर अक्षर, चौकटी, बाण. सात पिढ्यांत एकूण एक्केचाळीस नावं. त्यात बाई एकही नाही. एक्केचाळीस जण, आणि ते सगळे बापांपासून बापांना झाले!

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, कचेरीत असाच लागतो." खरं आहे, कचेरीत असाच लागतो. मग कचेरीचा कागद कचेरीत द्यावा. घराच्या भिंतीवर लावायला तो का? त्यावर तो म्हणाला, "बायकांची नावं कुठून आणू? लग्नानंतर बदललेली, माहेरची कुणाला आठवत नाहीत." हे उत्तर मला पटलं नाही, पण खोटंही म्हणता येईना. माझंच पाहा ना. शाळेच्या दाखल्यावर एक, मस्टरवर दुसरं, पेन्शनच्या कागदावर दुसरंच पण आडनावाच्या स्पेलिंगसह तिसरं.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लिहायचं. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण तोही एकच पिढी मागे जातो. आईचं नाव आलं, आईच्या आईचं कुठे? आणि विवाहित बाईच्या बाबतीत तिचं, नवऱ्याचं आणि आडनाव ही जुनी रीत कायमच आहे. म्हणजे लेकराच्या कागदावर बाई दिसेल, पण तिच्या स्वतःच्या कागदावर तिची आई दिसणार नाही.

धाकट्या दिरांनी यावर मला हसून विचारलं, "वहिनी, वीस हजारांत सदतीस जनुकं म्हणजे दर्यामें खसखस. त्यासाठी तक्ता बदलायचा?" भाऊजी, हिशोब नीट करा. वीस हजारांतला निम्मा हिस्सा आईचा आहेच, सदतीस त्याच्या वर. आणि जे आडनाव तुम्ही सात पिढ्या चालवलंत त्यात किती जनुकं आहेत?

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी नव्या नावाने जुनाच खेळ मांडते आहे असं होईल. मला दोन मुलगे, मुलगी नाही. त्यांच्यात माझ्या तंतुकणिका आहेत, पण नातवंडांत नाहीत. नातवंडांत आहेत त्या माझ्या सुनांच्या, म्हणजे जळकोटच्या आणि वाशीच्या विहिणबाईंच्या. माझी ट्रंक माझ्या मुलांपाशी संपली. ती पुढे चालली आहे माझ्या बहिणीच्या लेकींकडून. मुलगा नाही म्हणून वंश बुडाला असं म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. या हिशोबाने माझाच बुडाला, आणि मी अगदी मजेत आहे. नातू माझ्यासारखाच वाद घालतो, तेवढ्यावर माझं भागतं.

१९८७ साली तीन शास्त्रज्ञांनी जगभरातल्या वेगवेगळ्या मुळांच्या १४७ जणांच्या तंतुकणिका तपासल्या आणि सगळ्यांच्या मातृमाळा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका बाईपाशी पोचतात असं दाखवलं. ती काही जगातली पहिली बाई नव्हती, एकटीही नव्हती. तिच्या काळात इतर बायका होत्याच. पण त्यांच्या माळेत कुठेतरी माझ्यासारखी मुलगेच असलेली एक आली, किंवा लेकरूच नसलेली आली, आणि माळ थांबली. तिची तेवढी थांबली नाही. त्यात मोठेपणा कुणाचाच नाही.

दुसरं भय मला जास्त आहे. तंतुकणिकेत बिघाड असला तर काही आजारही आईकडूनच येतात. लेबर यांच्या नावाने ओळखला जाणारा, तरुणपणी दृष्टी नेणारा डोळ्यांचा आजार त्यातलाच. हे अर्धवट कळलं तर लोक काय करतील? 'पोराला आईमुळे झालं' म्हणून मोकळे होतील. मुलगी झाली की बाईला बोल लावणारा समाज आहे हा. खरं तर मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे पुस्तकात किती वर्षं छापलेलं आहे! तरी आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. ते पुस्तक वाचून पास झालेल्यांनीच हा आकडा केला, अडाण्यांनी नव्हे. म्हणून म्हणते, जोड्या लावून धडा संपत नाही. पोरांना पेशी दाखवा आणि पुढे हेही बोला. बापाकडून आलं तरी आईचा दोष आणि आईकडून आलं तर आईचाच दोष, असा न्याय चालणार नाही.

ब्रिटनने २०१५ मध्ये कायदा करून अशा आजारासाठी एक मार्ग मोकळा केला. आई-वडिलांचं केंद्रक, आणि निरोगी तंतुकणिका तिसऱ्या एका बाईच्या अंडपेशीतल्या. २०२५ च्या जुलैत तिथे अशी आठ बाळं जन्मल्याचं जाहीर झालं. आता त्या बाळांच्या तक्त्यात किती चौकटी काढायच्या? आपल्या पुतण्याला दिलं असतं हे काम!

तर त्याने हो म्हटलं आहे. दुसरा तक्ता करायचा, घरच्या भिंतीसाठी. त्यात प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, आणि तिच्या आईचं नाव. शेंड्यापासून करायचा, म्हणजे आज हयात असलेल्या म्हाताऱ्यांकडून आधी. मी माझं लिहून दिलं. आईचं माहेर कळंबजवळचं, आजीचं बार्शीकडचं. पणजीला सगळे 'पांगरीवाली' म्हणत, तेवढंच. तिचं नाव आईला ठाऊक होतं, तिने मला सांगितलंही असेल. माझ्या मावसबहिणींपैकी कुणी हे वाचत असेल, तर तुमच्या घरी जुनी वही, लग्नाची याद, सोयऱ्यांच्या पोथीचं मागचं पान, काहीही चाळून पाहा. पांगरीवालीचं नाव हवं आहे. पुतण्या दिवाळीत येरमाळ्याला येणार आहे, तोवर कळवा.